यंत्र येण्याआधीची ट्रायल

नवी ऑटोमेशन लाइन उभी राहताना सगळ्यात शेवटी पाळी येते ती पीएलसीच्या, म्हणजे लाइन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या, प्रोग्रामरची. डिझाइन मंजूर व्हायला दोन आठवडे जास्त गेले, फॅब्रिकेशन रखडलं, पॅनेल वायरिंगची माणसं लग्नसराईत गावाला गेली, हे सगळं चालतं. लाइन सुरू करायची तारीख मात्र हलत नाही. आधीच्या सगळ्यांनी खाल्लेले दिवस प्रोग्रामरच्या खात्यातून वळते होतात. चाकण, भोसरी, वाळूज किंवा सातपूरच्या कोणत्याही लाइन बिल्डरकडे डिस्पॅचच्या आदल्या आठवड्यात गेलं तर मांडीवर लॅपटॉप घेऊन कंट्रोल पॅनेलसमोर बसलेला एक मुलगा हमखास दिसतो. एका बाजूला फिटर स्पॅनर घेऊन खोळंबलेला असतो, दुसऱ्या बाजूला प्रोजेक्ट मॅनेजर ग्राहकाला फोनवर ‘उद्या नक्की’ म्हणत असतो.

हे फक्त आपल्याकडचं नाही. जर्मनीतल्या मशीन टूल उत्पादकांच्या व्हीडीडब्ल्यू या संघटनेच्या 1997 च्या अहवालात काही आकडे आहेत. या विषयावरच्या प्रबंधांत आणि सॉफ्टवेअर विक्रेत्यांच्या सादरीकरणांत ते अजूनही भेटतात. यंत्रणा उभारायला लागणाऱ्या वेळेपैकी 25 टक्क्यांपर्यंत वेळ कमिशनिंगला जातो. त्यातला 90 टक्क्यांपर्यंत इलेक्ट्रिकल आणि कंट्रोलच्या कामात. आणि त्यातलाही 70 टक्क्यांपर्यंत सॉफ्टवेअरच्या चुका निस्तरण्यात. हे कमाल आकडे आहेत, सरासरी नव्हेत, आणि आता पाव शतकाहून जुनेही झाले. पण साइटवर रात्री काढलेल्या कोणालाही ते खोटे वाटणार नाहीत.

यावर सांगितला जाणारा उपाय म्हणजे व्हर्च्युअल कमिशनिंग. लोखंड यायच्या आधी लाइनचं मॉडेल संगणकात उभं करायचं: मोटर, सिलिंडर, कन्व्हेयर, सेन्सर आणि त्यावरून जाणारा जॉब. मग लाइनवर चालणार असलेला खरा प्रोग्राम या मॉडेलला जोडायचा. प्रोग्रामने व्हॉल्व्हला आउटपुट दिलं की मॉडेलमधला सिलिंडर पुढे सरकतो. टोकाला पोचला की रीड स्विचचा सिग्नल प्रोग्रामला परत मिळतो. समोर यंत्र आहे की चित्र, हे प्रोग्रामला कळता कामा नये. चुका ऑफिसात सापडाव्यात, साइटवर नव्हे. कल्पना एवढी सोपी, शिवाय जुनीही. तरी बहुतेक कारखान्यांत ती अजून रिवाज झालेली नाही. त्याची कारणं तंत्रात थोडी आणि हिशेबात जास्त आहेत.

सुरुवात पीएलसीच्या जन्मापासून करावी लागते. 1968 मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने रिले पॅनेलला पर्याय मागितला. गाडीचं मॉडेल बदललं की रिलेंचं वायरिंग उपसून पुन्हा करावं लागे. डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मॉडिकॉन 084 त्यातून आला आणि वायरिंगमधलं लॉजिक लॅडरच्या रूपाने मेमरीत गेलं. वायर तपासायला टेस्ट लॅम्प पुरायचा. प्रोग्राम तपासायला काय? टॉगल स्विचची पाटी. इनपुट कार्डाला स्विच, आउटपुट कार्डाला दिवे. दिवा लागला की सिलिंडर पुढे गेला असं समजून बोटाने स्विच पाडायचा. कितीतरी वर्कशॉपांत ही पाटी आजही आहे, आणि दहा-वीस सिग्नलच्या मशीनला ती पुरते. दुसरी युक्ती म्हणजे पीएलसीच्या आतच खोटं यंत्र लिहायचं. आउटपुट लागलं की टायमर सुरू, टायमर संपला की सेन्सर आला असं मानायचं. पैसे लागत नाहीत. फक्त ते ब्लॉक साइटवर जाण्याआधी आठवणीने काढावे लागतात.

रोबोट या बाबतीत पुढे निघून गेले. मोटारींच्या बॉडी शॉपमध्ये वेल्डिंग रोबोट दाटीवाटीने उभे असतात; एकाचा हात दुसऱ्यात अडकेल का, गन पॅनेलला लागेल का, हे आधी पाहणं भागच होतं. 1990 च्या दशकात युरोपातल्या मोटार कंपन्या, रोबोट उत्पादक आणि सिम्युलेशन सॉफ्टवेअरवाले एकत्र आले आणि ‘रिअलिस्टिक रोबोट सिम्युलेशन’ नावाचा करार ठरला. रोबोटच्या हालचालीचं गणित सिम्युलेशनवाल्यांनी अंदाजाने लिहायचं नाही, ते रोबोट उत्पादकाच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरकडूनच घ्यायचं. 1998 मध्ये आलेल्या एबीबीच्या रोबोटस्टुडिओत तर कंट्रोलरचं सॉफ्टवेअरच संगणकावर चालतं. फानुक, कुका, यास्कावा यांचीही स्वतःची साधनं आहेत. आज पुण्यात बसून परदेशातल्या बॉडी शॉपचे रोबोट प्रोग्राम करणं हा रीतसर धंदा आहे.

पीएलसीचं तसं झालं नाही. रोबोटचा हात आणि त्याचा कंट्रोलर एकाच घरचे. पीएलसीच्या खाली मात्र एका कंपनीचे ड्राइव्ह, दुसरीचे व्हॉल्व्ह, तिसरीचे सेन्सर, आणि शेजारच्या गाळ्यातल्या फॅब्रिकेटरने बनवलेलं फिक्स्चर. या शेवटच्या वस्तूचं मॉडेल कोणत्याही लायब्ररीत मिळत नाही. ते दर वेळी नव्याने कोणीतरी बनवायचं असतं. कंट्रोल बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी ही उणीव ओळखून सिम्युलेशनची घरंच विकत घेतली. सीमेन्सने 2007 मध्ये यूजीएस घेतली. तिच्यासोबत मूळची इस्रायली टेक्नोमॅटिक्स आली. रोबोटवाल्या कुकाने 2017 मध्ये फिनलंडची व्हिज्युअल कॉम्पोनंट्स घेतली, रॉकवेलने 2019 मध्ये ब्रिटनची एम्युलेट थ्रीडी. साधनं त्यामुळे सुधारली, पण प्रत्येकाचं सॉफ्टवेअर आपल्याच पीएलसीशी जास्त गोडीने बोलतं. मिश्र लाइन असलेल्याने काय करायचं ते त्याने पाहावं.

जोडणीचे मार्ग मुख्यतः दोन. एकात पीएलसीही आभासी असतो: सीमेन्सचा पीएलसीसिम ॲडव्हान्स्ड किंवा रॉकवेलचा इम्युलेटर यांसारखं सॉफ्टवेअर लॅपटॉपवरच प्रोग्राम चालवतं. दुसऱ्यात पीएलसी खरा, टेबलावर ठेवलेला, आणि नेटवर्कवरचे ड्राइव्ह, व्हॉल्व्ह, सेन्सर आपणच आहोत असं भासवणारा एक डबा त्याला जोडलेला. पहिला मार्ग स्वस्त, दुसरा खऱ्याच्या जास्त जवळचा. फरक कुठे पडतो ते वेळेत पाहावं. पीएलसी इनपुट वाचतो, लॉजिक सोडवतो, आउटपुट लिहितो; ही फेरी काही मिलिसेकंदांत पुरी होते आणि अखंड चालू राहते. आता सेकंदाला एक मीटर वेगाने धावणाऱ्या कन्व्हेयरवर 20 मिलिमीटर रुंदीची पट्टी प्रॉक्सिमिटी सेन्सरसमोरून गेली, तर सिग्नल फक्त 20 मिलिसेकंद टिकतो. मॉडेल आणि आभासी पीएलसी यांच्यात दर 50 मिलिसेकंदांनी देवाणघेवाण होत असेल, तर तो सिग्नल कधी दिसेल, कधी दिसणारही नाही. विंडोजवर हा खेळ नेहमीचा. मग होतं असं की प्रोग्रामर मॉडेलची चूक प्रोग्रामात दुरुस्त करायला लागतो: एखादा लॅच टाकतो, एखादा ऑफ-डिले वाढवतो. साइटवर गेल्यावर तोच लॅच नडतो. दोन्हींची घड्याळं एकत्र बांधून पावलाला पाऊल मिळवत चालवणं हा त्यावरचा उपाय. नव्या साधनांत ती सोय आहे. ती चालू केली आहे का, हे मात्र विचारून घ्यावं.

या सगळ्या खटाटोपातून नेमकं काय हाती लागतं, ते कळायला एक साधं स्टेशन पुरे. पॅलेट येतो, स्टॉपर अडवतो, लिफ्टर उचलतो, क्लॅम्प धरतो, स्पिंडल बोल्ट आवळतो. मग क्लॅम्प सुटतो, लिफ्टर आणि स्टॉपर खाली जातात, पॅलेट पुढे. हा सरळ क्रम चांगला प्रोग्रामर दिवसभरात लिहून मोकळा होतो. आता बोल्ट अर्धा आवळलेला असताना कोणी इमर्जन्सी दाबली. ड्राइव्हची पॉवर गेली, लाइनमधली हवा सुटली. व्हॉल्व्ह सिंगल सोलेनॉइडचा असेल तर स्प्रिंगने मूळ जागी आला. डबल सोलेनॉइडचा असेल तर होता तिथेच राहिला. ऑपरेटरने दार उघडून जॉब काढून घेतला, दार लावलं, रीसेट दाबलं. प्रोग्रामच्या मेमरीत पायरी आहे ‘बोल्ट आवळणे’, आणि पॅलेट रिकामा. स्पिंडल फिरू द्यायचा का? पुढच्या स्टेशनला या पॅलेटबद्दल काय कळवायचं, ओके की एनजी? ऑपरेटरने दुसराच जॉब ठेवला असेल तर? लिफ्टर वर असताना कन्व्हेयर चालू झाला तर मागचा पॅलेट खाली घुसेल का?

लाइनच्या प्रोग्रामचा मोठा भाग अशाच वाकड्या प्रसंगांसाठी लिहिलेला असतो, आणि नेमका तोच भाग यंत्रावर सगळ्यात कमी तपासला जातो. प्रत्येक पायरीवर इमर्जन्सी मारून पाहायला वेळ नसतो, आणि स्पिंडल मोडेल या भीतीने मेकॅनिकलवाले ते करूही देत नाहीत. मॉडेलमध्ये हे फुकट आहे. सेन्सर तुटला, सेन्सर अडकून कायम चालू राहिला, पुढचा आणि मागचा रीड स्विच एकाच वेळी आला, हवेचा दाब उतरला, ड्राइव्ह ट्रिप झाला: प्रत्येक बिघाड प्रत्येक पायरीवर घालून पाहता येतो, स्क्रिप्ट लिहून रात्रभर चालवताही येतो. माझ्या मते व्हर्च्युअल कमिशनिंगची निम्म्याहून जास्त किंमत इथेच वसूल होते. ग्राहकासमोर मात्र दाखवला जातो तो गुळगुळीत थ्रीडी देखावा. त्यात पॅलेट सुरेख पळतात, रोबोट नाचतात आणि काहीही बिघडत नाही. त्या देखाव्यासाठी लागणारे चार आठवडे मला बहुतेकदा वाया गेलेले वाटतात. वरचं स्टेशन तपासायला चौकोनी ठोकळे आणि सिग्नलची वर्तणूक एवढंच पुरतं. कोणत्या कामासाठी कोणत्या प्रकारचं मॉडेल, याची परिभाषा जर्मनीत व्हीडीआय/व्हीडीई 3693 या मार्गदर्शिकेने 2016 मध्ये बांधून दिली आहे; ऑर्डर देणाऱ्याने ती समोर ठेवली तर बराच खर्च वाचेल.

देखाव्याचा दुसरा धोका असा की तो खरा वाटू लागतो. मॉडेलमधला सिलिंडर दर वेळी अर्ध्या सेकंदात पोचतो. खरा सिलिंडर सकाळी गारठ्यात हळू चालतो, शेजारचं मशीन हवा ओढायला लागलं की आणखी हळू. सेन्सरवर कूलंट उडतं, पत्रा वाकलेला येतो, केबल चेन पीळ खाते. कडक वस्तूंचं गणित संगणक चांगलं करतो. लवचिक, चिकट, भुसभुशीत वस्तूंपाशी त्याची दमछाक होते. टेस्लाने मॉडेल 3 च्या बॅटरी पॅकवर काचतंतूंच्या मऊ चटया बसवायला रोबोट नेमला होता. कापसासारखी ती चीज यंत्राला धड उचलताच येईना. शेवटी चटईविना गाडी तपासली, आवाजात काही फरक पडत नाही असं दिसलं, आणि 2018 मध्ये चटई आणि रोबोट दोन्ही गेले. अशी चटई मॉडेलमध्ये घ्यायची तर बहुतेक जण कडक पाटी म्हणूनच घेतील, आणि मॉडेलमधला रोबोट ती दर वेळी बिनचूक उचलेल.

तपासणीची साधनं स्वतःच घात करू शकतात, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण लंडनच्या हीथ्रो विमानतळाचं आहे. टर्मिनल 5 मार्च 2008 मध्ये 27 तारखेला सुरू झालं. सामान हाताळण्याची यंत्रणा आधी महिनोन् महिने तपासली गेली होती. त्या काळात चाचणीचे खोटे संदेश विमानतळावरच्या चालू यंत्रणांत जाऊ नयेत म्हणून सॉफ्टवेअरमध्ये गाळण्या बसवल्या होत्या. टर्मिनल सुरू झालं तेव्हा त्या काढायच्या राहिल्या. मग दुसऱ्या विमानातून बदलून येणाऱ्या बॅगांचे खरे संदेशही अडले आणि बॅगा ओळख न पटता साठू लागल्या. कर्मचाऱ्यांना पार्किंग न सापडणं, लॉग-इन न होणं अशी इतर कारणंही होतीच. पहिल्या काही दिवसांत शेकडो उड्डाणं रद्द झाली आणि हजारो बॅगा मालकांपासून दुरावल्या. ब्रिटिश संसदेच्या वाहतूक समितीपुढे हे सगळं आलं. पीएलसीत राहिलेला सिम्युलेशनचा ब्लॉक, फोर्स करून ठेवलेला इनपुट, सेफ्टी गेटला मारलेला जम्पर, ही सगळी त्याच कुळातली मंडळी. म्हणून चाचणीची सोय प्रोग्रामच्या बाहेर, मॉडेलमध्येच असावी आणि साइटवर जाणारा प्रोग्राम अक्षरशः तोच असावा, ही शिस्त मॉडेलच्या सुबकतेपेक्षा महत्त्वाची.

फायदा किती, हे मोजण्याचा एक प्रयत्न म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात झाला. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने आभासी मॉडेलवर प्रोग्राम तपासून घेतला, दुसऱ्याने नाही. खऱ्या यंत्रापाशी जाताना प्रोग्रामची गुणवत्ता मॉडेल न वापरलेल्या गटात 37 टक्के होती तर वापरलेल्या गटात 84, आणि त्या गटाचा प्रत्यक्ष कमिशनिंगचा वेळ 75 टक्क्यांनी घटला. आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण तो बेतलेला प्रयोग होता. तिथे ग्राहक शेवटच्या आठवड्यात जॉबचं ड्रॉइंग बदलत नव्हता. शिवाय साइटवर वाचलेला वेळ आणि ऑफिसात मॉडेल बनवायला गेलेला वेळ एकाच ताळेबंदात मांडल्याशिवाय धंदेवाल्याला काही बोध होत नाही.

हा ताळेबंदच खरी अडचण आहे. मोटारीच्या आतल्या कंट्रोलरसाठी अशी मॉडेलवरची चाचणी केव्हाच रुळली. जर्मनीतल्या पाडरबॉर्नची डीस्पेस ही कंपनी 1988 पासून त्याच धंद्यात आहे. पण तिथे एकदा बनवलेलं मॉडेल लाखो गाड्यांवर वाटलं जातं. असेंब्ली लाइन बहुधा एकच बनते. मॉडेलचा सगळा खर्च त्या एकीच्या डोक्यावर. तो उतरवायचा एकच मार्ग, पुनर्वापर: सिलिंडर, ड्राइव्ह, कन्व्हेयर यांची तयार मॉडेलं लायब्ररीत हवीत, ती शक्यतो त्या-त्या उत्पादकाने द्यायला हवीत, आणि एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जायला हवीत. त्यासाठी डेमलर कंपनीच्या पुढाकारातून दोन प्रमाणं निघाली. यंत्रणेची रचना आणि जोडण्या लिहून ठेवणारं ऑटोमेशनएमएल 2006 पासून घडत गेलं. वेगवेगळ्या साधनांत बनलेली मॉडेलं एकत्र चालवणाऱ्या एफएमआयची पहिली आवृत्ती 2010 मध्ये आली, तिसरी 2022 मध्ये. कागदावर दोन्ही उत्तम. साइटवर जाणारी खरी माहिती अजून इनपुट-आउटपुटच्या एक्सेल शीटमध्येच फिरते, आणि इलेक्ट्रिकल ड्रॉइंगमधलं सिग्नलचं नाव, प्रोग्राममधलं नाव आणि मेकॅनिकल डिझाइनमधलं नाव एकमेकांना ओळखत नाहीत. मॉडेल बनवणाऱ्याचा बराच वेळ ही नावं जुळवण्यातच जातो.

सुरक्षेबद्दल एवढंच की तिथे मॉडेल मदतीला आहे, पुराव्याला नाही. लाइट कर्टन तोडल्यावर प्रेस किती मिलिसेकंदांत थांबतो, हे खऱ्या प्रेसवरच मोजावं लागतं.

गेल्या काही वर्षांत या विषयाला ‘डिजिटल ट्विन’ची झळाळी चढली आहे. बीएमडब्ल्यूने मार्च 2023 मध्ये हंगेरीतल्या डेब्रेत्सेन कारखान्याचं आभासी उद्घाटन केलं. खऱ्या गाड्या तिथे त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळाने बनू लागल्या. काम मोठंच आहे, पण संपूर्ण कारखान्याच्या मांडणीचं मॉडेल वेगळं आणि एका स्टेशनच्या रीसेटचं लॉजिक तपासणारं मॉडेल वेगळं. एकाच्या नावावर दुसरं विकलं जातं तेव्हा सावध राहावं. त्यापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरीकडे चाललंय. ऑडीसारख्या कंपन्या पीएलसीच डब्यातून काढून सर्व्हरवर नेऊ पाहत आहेत. तसं झालं तर ऑफिसातला आभासी पीएलसी आणि लाइनवरचा पीएलसी यांत भेदच उरणार नाही. आणि सीमेन्सने मायक्रोसॉफ्टच्या साथीने 2023 मध्ये जाहीर केलेल्या कोपायलटसारखी साधनं आता प्रोग्राम लिहूनच देऊ लागली आहेत. माणसाने लिहिलेला कोड निदान त्याला स्वतःला तरी समजलेला असतो. यंत्राने लिहिलेला कोड थेट क्लॅम्प आणि स्पिंडलवर सोडायला कोण धजेल? मॉडेलला आजवर मिळालं नव्हतं इतकं पक्कं काम यातून मिळेल.

शिकणाऱ्यांसाठी तर दिवस चांगलेच आलेत. कोडेसिसचं प्रोग्रामिंग सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्यात सिम्युलेशन आहे. पोर्तुगालच्या रिअल गेम्सचं फॅक्टरी आयओ साध्या लॅपटॉपवर कन्व्हेयर, सॉर्टर, लिफ्ट उभी करून देतं. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेतल्या एकमेव ट्रेनर किटभोवती घोळका करून उभं राहण्यापेक्षा हे कितीतरी बरं. फक्त शिक्षकांनी मधूनच एखादा सेन्सर बंद पाडायला विसरू नये.

मध्यम लाइन बिल्डरकडे मात्र हे अडतं ते पर्चेस ऑर्डरपाशी. पैसे मिळतात ते ठरलेल्या टप्प्यांवर: ऑर्डरबरोबर ॲडव्हान्स, बिल्डरच्या शेडमध्ये ट्रायल पास झाल्यावर मोठा हप्ता, साइटवर सगळं मार्गी लागल्यावर उरलेले. मॉडेल पूर्ण झालं म्हणून काही मिळत नाही. खर्च बिल्डरचा आणि लाइन दोन आठवडे आधी सुरू झाल्याचा फायदा ग्राहकाचा, मग बिल्डरने हात का सैल सोडावा? 2020 आणि 2021 मध्ये प्रवास बंद होता तेव्हा व्हिडिओ कॉलवर ट्रायल झाल्या, मॉडेलवर सायकल टाइम पाहून ग्राहकांनी मंजुऱ्याही दिल्या. रस्ते खुले झाले तशी ती सवय बरीचशी मागे पडली. आणि समजा ग्राहकाने मॉडेलचे वेगळे पैसे मोजले, तरी ती फाइल पुढे कोणी सांभाळायची? लाइन सुरू झाल्यावर तिसऱ्या पाळीचा मेंटेनन्स इंजिनिअर ऑनलाइन जाऊन एक टायमर दोन सेकंदांनी वाढवतो, सतत त्रास देणारा एक सेन्सर बायपास करतो, आणि सकाळी घरी जातो. सहा महिन्यांत प्रोग्राम, ड्रॉइंग आणि मॉडेल तीन दिशांना गेलेले असतात. पुढच्या वर्षी त्याच लाइनवर नवा जॉब घ्यायचा ठरतो, कोणीतरी ते मॉडेल उघडतं, आणि पहिला आठवडा ते लाइनशी जुळवण्यात जातो. ज्या मोजक्या कारखान्यांत प्रोग्राममधला प्रत्येक बदल नोंदवून सर्व्हरवर ठेवतात आणि मॉडेलही त्याच्याबरोबर बदलतात, तिथे दिवाळीच्या शटडाउनमध्ये होणारा बदल दसऱ्याआधीच ऑफिसात चालवून पाहिलेला असतो.